गुरुजींच्या कमरेचं पिस्तूल

अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं जून २०२१ मध्ये एक निकाल दिला. शाळेत बंदूक बाळगणाऱ्या शिक्षकाला पोलिसाइतकंच, म्हणजे सातशेहून जास्त तासांचं प्रशिक्षण हवं, नाहीतर पोलिसी नोकरीचा वीस वर्षांचा अनुभव हवा, असा त्या निकालाचा अर्थ होता. वर्षभरातच, १३ जून २०२२ रोजी, राज्यपाल माइक डिवाइन यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि ही अट चोवीस तासांवर आली. एखाद्या शाळा मंडळाला जास्त शिकवायचं असेल तर त्यानं खुशाल शिकवावं, राज्याची सक्ती मात्र चोवीस तासांच्या पुढे नाही. सही व्हायच्या वीस दिवस आधी टेक्सासमधल्या युवाल्डी गावात रॉब प्राथमिक शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका गोळीबारात मारल्या गेल्या होत्या. देश हादरला होता आणि आता काहीतरी केलंच पाहिजे, असं जो तो म्हणत होता. बंदुकांवर निर्बंध आणायला ज्यांचा विरोध असतो त्यांच्याकडे अशा वेळी एक उत्तर तयार असतं: शिक्षकांनाच शस्त्र द्या. हे उत्तर मला चुकीचं वाटतं. बंदुकीबद्दलची नावड किंवा शिक्षकी पेशाचं पावित्र्य हे त्याचं कारण नाही. उपलब्ध पुरावा मांडून हिशेब केला तर तो या उपायाच्या बाजूनं लागत नाही.

कायद्याची पार्श्वभूमी थोडक्यात सांगायला हवी, कारण अमेरिकेत शाळेत बंदुकीला सरसकट बंदी आहे असा आपल्याकडे समज असतो. शाळेच्या परिसरात बंदूक आणायला मनाई करणारा केंद्रीय कायदा १९९० मध्ये झाला, १९९५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला आणि पुढच्या वर्षी संसदेनं तो दुरुस्त करून पुन्हा आणला. पण राज्याचा परवाना असलेल्या माणसाला त्यातून सूट आहे. त्यामुळे कोणाला आत सोडायचं हे प्रत्यक्षात राज्यांच्याच हातात राहतं. यूटामध्ये परवानाधारक शिक्षक पूर्वीपासूनच पिस्तूल आणू शकतो. टेक्सासच्या उत्तरेला हॅरोल्ड नावाचं खेडं आहे, तिथल्या शाळेनं २००८ च्या सुमारास शिक्षकांना परवानगी दिली. डिसेंबर २०१२ मध्ये कनेटिकटमधल्या सँडी हूक शाळेत २० बालकं आणि सहा मोठी माणसं मारली गेली, त्यानंतर आठवडाभरात नॅशनल रायफल असोसिएशननं वाईट माणसाच्या बंदुकीला चांगल्या माणसाची बंदूकच थांबवू शकते, हा सिद्धांत जाहीरपणे मांडला. फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलँडच्या शाळेत १७ जण गेले. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी वीस टक्के शिक्षकांना शस्त्रं द्यावीत असं सुचवलं, आणि फ्लोरिडानं शाळेतल्या कर्मचाऱ्यांसाठी १४४ तासांच्या प्रशिक्षणाची योजना आणली. सुरुवातीला त्यातून फक्त वर्गात शिकवणाऱ्यांना वगळलं होतं, २०१९ मध्ये त्यांनाही आत घेतलं. टेनेसीनं २०२४ मध्ये चाळीस तासांच्या प्रशिक्षणावर परवानगी दिली. तिथे कोणत्या शिक्षकाकडे पिस्तूल आहे, हे पालकांना सांगितलं जात नाही.

आता आकड्यांकडे वळू. रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेनं २०२३ मध्ये शिक्षकांची पाहणी केली. परवानगी मिळाली तर शाळेत बंदूक आणायची इच्छा आहे, असं १९ टक्के शिक्षकांनी सांगितलं. देशभरातल्या शिक्षकांच्या संख्येला हे प्रमाण लावलं तर ती संख्या साडेपाच लाखांच्या आसपास जाते. शाळेचं वर्ष साधारण १८० दिवसांचं. म्हणजे वर्षभरात जवळजवळ दहा कोटी वेळा एकेक भरलेलं पिस्तूल सकाळी शाळेत येणार, दिवसभर मुलांच्या गराड्यात राहणार आणि संध्याकाळी घरी जाणार. माणसाच्या हातून चूक होतेच. ती दहा लाखांत एकदाच होते असं मानलं, आणि हे मानणं फारच उदार आहे, तरी वर्षाला शंभर प्रसंग होतात. दुसऱ्या पारड्यात काय आहे? अमेरिकेत सार्वजनिक शाळाच लाखाच्या घरात आहेत. आत शिरून अनेकांचे जीव घेणारा हल्ला त्यांपैकी वर्षाला हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या शाळांत होतो. शाळकरी वयाच्या मुलांचे जे खून होतात त्यांतले तीन टक्क्यांहून कमी शाळेच्या आवारात होतात, उरलेले घरात, रस्त्यावर, मोहल्ल्यात. एकेका हल्ल्याचं दुःख यानं कमी होत नाही. पण धोका रोजचा आणि फायदा झालाच तर हजारो शाळांत एखाद्या वेळी, असा हा व्यवहार आहे हे आधी मान्य करावं लागतं.

चुका होतात त्या कशा होतात हे पाहण्यासारखं आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये यूटातल्या टेलर्सव्हिल इथे एक शिक्षिका शाळा भरायच्या आधी स्वच्छतागृहात गेली. तिच्याकडचं पिस्तूल उडालं, गोळी शौचकूपावर बसली आणि उडालेल्या तुकड्यांनी तिच्या पायाला जखम झाली. परवाना होता, पिस्तूल कायदेशीर होतं, कोणाचा हेतू वाईट नव्हता. मार्च २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सीसाइड गावच्या शाळेत तर प्रसंग आणखी बोलका घडला. वर्ग कायदा आणि पोलीस व्यवस्थेचा, विषय बंदूक सुरक्षितपणे कशी हाताळावी हा, आणि शिकवणारा शिक्षक स्वतः राखीव पोलीस अधिकारी. पिस्तूल रिकामं आहे हे दाखवण्यासाठी त्यानं ते छताकडे धरलं आणि गोळी सुटली. छताचे आणि गोळीचे तुकडे खाली आले, एका मुलाच्या मानेला लागले. जानेवारी २०२३ मध्ये टेक्सासमधल्या एका छोट्या गावात खुद्द शाळांचे अधीक्षकच आपलं पिस्तूल शाळेच्या स्वच्छतागृहात विसरून आले, आणि ते सापडलं तिसरीतल्या मुलाला. या तिन्ही प्रसंगांत कोणाचा जीव गेला नाही. पण ही माणसं अडाणी किंवा बेफिकीर होती असं म्हणून सुटका होत नाही. दिवसभर अंगावर बाळगायची वस्तू माणूस कधीतरी काढून ठेवतो, कधीतरी विसरतो. चष्मा विसरला तर बिघडत नाही.

बरं, हे सगळं सोसून हल्ल्याच्या दिवशी तरी उपयोग होईल का? इथे पोलिसांचा अनुभव पाहावा, कारण गोळीबार हा त्यांच्या कामाचाच भाग असतो. न्यूयॉर्क पोलिसांनी १९९८ ते २००६ या काळात केलेल्या गोळीबाराचा अभ्यास रँडनं केला होता. समोरून गोळ्या येत नसतील तेव्हा पोलिसांच्या साधारण ३० टक्के गोळ्या लक्ष्यावर बसत, समोरून उलट गोळीबार सुरू झाला की हे प्रमाण १८ टक्क्यांवर येई. म्हणजे नेमबाजीचा नियमित सराव असलेल्या माणसाच्याही पाचांतल्या चार गोळ्या भलतीकडे जातात. शाळेच्या कॉरिडॉरमध्ये भलतीकडे म्हणजे कुठे, हे वेगळं सांगायला नको. त्यातून वेळही नसतो. पार्कलँडला हल्लेखोरानं चार मिनिटांहून कमी वेळात ३४ जणांना गोळ्या घातल्या, त्यातले १७ मेले. हातात रायफल होती. गणिताचा तास चालू असताना आवाज ऐकायचा, तो फटाक्याचा की गोळीचा हे ठरवायचं, वर्गातल्या पंचवीस मुलांना कोपऱ्यात बसवायचं, मग त्यांना सोडून पिस्तूल घेऊन रायफलच्या दिशेनं जायचं, हे सगळं चार मिनिटांत. मुलांना सोडून जायचं का, हा प्रश्नही त्याच चार मिनिटांत सोडवायचा.

शस्त्रधारी माणूस शाळेत हजर असूनही हल्ला थांबला नाही, याची उदाहरणं कमी नाहीत. १९९९ मध्ये कोलोरॅडोतल्या कोलंबाइन शाळेत सशस्त्र पोलीस अधिकारी होता, त्यानं एका हल्लेखोरावर गोळ्याही झाडल्या, तरी त्या दिवशी १३ जण गेले. पार्कलँडचा सशस्त्र अधिकारी इमारतीबाहेरच थांबला. टेक्सासच्या सांता फे शाळेत मे २०१८ मध्ये अधिकारी पुढे सरसावला, स्वतः गंभीर जखमी झाला, दहा जणांचे प्राण गेले. युवाल्डीत तर वेगवेगळ्या दलांचे मिळून ३७६ शस्त्रधारी जमले होते आणि वर्गात शिरून हल्लेखोराला मारेपर्यंत ७७ मिनिटं गेली. अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या एका नियतकालिकात २०२१ मध्ये १९८० ते २०१९ या काळातल्या शाळांतल्या १३३ गोळीबारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथे सशस्त्र रक्षक होता तिथे मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं नाही, उलट इतर घटक लक्षात घेऊनही ते २.८३ पट निघालं. हा आकडा जपून वापरायला हवा. रक्षकामुळे मृत्यू वाढले असं यातून सिद्ध होत नाही, कारण ज्या शाळांना आधीच धोका जास्त वाटतो त्याच रक्षक नेमतात. पण बंदूक दिसली की हल्लेखोर घाबरतो या सिद्धांताला मात्र यातून काहीच आधार मिळत नाही. या हल्लेखोरांपैकी बरेचजण मरायच्या तयारीनंच आलेले असतात, हे अभ्यासकांनी दिलेलं स्पष्टीकरण मला पटतं. मरायला निघालेल्याला मरणाची भीती घालून काय उपयोग?

शस्त्रांच्या बाजूचे लोक दाखला देतात तो मिसिसिपीतल्या पर्ल गावचा. ऑक्टोबर १९९७ मध्ये तिथल्या शाळेत एका विद्यार्थ्यानं दोन मुलींना ठार केलं, कित्येकांना जखमी केलं. उपमुख्याध्यापक जोएल मायरिक यांनी आपल्या ट्रकमधून पिस्तूल आणलं आणि पळून जायला निघालेल्या त्या मुलाला पकडून ठेवलं. दाखला खरा आहे आणि मायरिक यांच्या धाडसाबद्दल शंका नाही. पण पिस्तूल हातात येईपर्यंत शाळेच्या आतला गोळीबार संपला होता. मुलगा दुसरीकडे जाणार होता आणि ते टळलं, हे श्रेय मायरिक यांना द्यायलाच हवं. त्यापलीकडे हा प्रसंग एकच आहे, आणि गेल्या पाव शतकात तो सतत सांगितला जातो, कारण सांगायला तसे दुसरे फारसे सापडत नाहीत. दुसऱ्या बाजूला जून २०२१ मध्ये कोलोरॅडोतल्या अर्वाडा शहरात भर रस्त्यात घडलेला प्रसंग फारसा कोणी काढत नाही. एका नागरिकानं आपल्या पिस्तुलानं हल्लेखोराला गोळ्या घालून थांबवलं. तेवढ्यात पोलीस आले, साध्या कपड्यातला बंदूकधारी माणूस त्यांना दिसला आणि त्यांनी त्यालाच गोळी घातली. त्यात तो गेला. शाळेत धावत शिरणाऱ्या पोलिसाला भूगोलाच्या सरांच्या हातातलं पिस्तूल आणि हल्लेखोराच्या हातातलं पिस्तूल यांतला फरक क्षणार्धात कसा कळावा?

खेड्यांचा आक्षेप याहून वजनदार आहे. हॅरोल्डसारख्या ठिकाणी पोलीस यायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तोवर मुलांनी काय करायचं, हा प्रश्न पोकळ नाही आणि शहरात बसून तो हसण्यावारी नेणं बरं नव्हे. अशा एखाद्या शाळेनं पोलिसाइतकं प्रशिक्षण घेतलेला, वर्ग न सांभाळणारा एक माणूस ठेवला तर माझा त्याला विरोध नाही. फ्लोरिडाची मूळ योजना, शिक्षकांना वगळणारी, याच्या जवळ जाणारी होती. पण अपवादात्मक गावासाठीचा युक्तिवाद घेऊन राज्यभरच्या शिक्षकांना चोवीस तासांत शस्त्रधारी करायचं, ही वेगळीच गोष्ट झाली. शिवाय कॅन्ससच्या अनुभवाकडे पाहा. तिथे २०१३ मध्ये असाच कायदा झाल्यावर राज्यातल्या बहुसंख्य शाळांचा विमा उतरवणाऱ्या कंपनीनं कळवून टाकलं की, कर्मचाऱ्यांना बंदुका दिल्या तर आम्ही विमा देणार नाही. विमा कंपनीला राजकारणाशी घेणंदेणं नसतं, तिला फक्त धोका मोजायचा असतो.

हल्लेखोर बाहेरचे आणि सुसज्ज दहशतवादी असतील तर गणित बदलतं का, याचं उत्तर पाकिस्तानात मिळतं. पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलवर डिसेंबर २०१४ मध्ये हल्ला झाला, १३० हून जास्त मुलं मारली गेली. त्यानंतर खैबर पख्तुनख्वा प्रांतानं शिक्षकांना शस्त्र बाळगू दिलं, त्यांना चालवायलाही शिकवलं. जानेवारी २०१६ मध्ये चारसड्ड्याच्या बाचा खान विद्यापीठावर हल्ला झाला तेव्हा रसायनशास्त्राचे प्राध्यापक सय्यद हमीद हुसेन यांनी आपल्या पिस्तुलानं गोळ्या झाडून विद्यार्थ्यांना पळायला वेळ मिळवून दिला आणि स्वतः मारले गेले. त्यांच्यामुळे काही विद्यार्थी वाचले, हे कोणी नाकारू नये. त्याच प्रांतात, स्वातच्या मिंगोरा शहरात, जुलै २०१५ मध्ये एका शिक्षकाच्या पिस्तुलातून चुकून सुटलेल्या गोळीनं त्याच्याच शाळेतला एक विद्यार्थी दगावला होता. जिथे शाळांवर खरोखर युद्ध लादलं गेलं होतं तिथेही हिशेबाच्या दोन्ही बाजू भरल्या. ओहायो किंवा टेनेसीत दहशतवादी शाळेच्या भिंती चढून येत नाहीत. तिथला हल्लेखोर बहुधा त्याच शाळेचा आजी किंवा माजी विद्यार्थी असतो. त्याला शाळेचे जिने, दारं आणि तासांचं वेळापत्रक पाठ असतं, आणि कोणत्या सरांकडे पिस्तूल आहे ही कुजबुजही त्याच्या कानावर गेलेली असते.

हल्लेखोर आतला असतो, यातच उपायाची दिशा आहे. राष्ट्राध्यक्षांच्या संरक्षणाचं काम करणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसनं आणि शिक्षण खात्यानं मिळून १९७४ ते २००० या काळातल्या ३७ शालेय हल्ल्यांचा अभ्यास केला. ८१ टक्के हल्ल्यांत त्या मुलाच्या मनात काय आहे हे निदान एका व्यक्तीला आधी माहीत होतं, बहुधा मित्राला किंवा भावंडाला. ६८ टक्के हल्लेखोरांनी बंदूक स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या घरून आणली होती. २०१९ च्या पुढच्या अभ्यासातही चित्र तेच होतं: बंदूक वापरणाऱ्यांपैकी तीन चतुर्थांश मुलांनी ती आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या घरातून घेतली होती आणि त्यांतल्या कितीतरी घरांत ती धड कुलपात नव्हती. म्हणजे हल्ला थांबवायची जागा कॉरिडॉरच्या कितीतरी अलीकडे आहे. मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड शाळेत ३० नोव्हेंबर २०२१ च्या सकाळी एका शिक्षिकेला मुलाच्या गणिताच्या कागदावर पिस्तुलाचं, रक्ताळलेल्या माणसाचं चित्र आणि मदतीची विनवणी दिसली. तिनं ताबडतोब कळवलं. आईवडिलांना बोलावलं, त्यांनी मुलाला घरी न्यायला नकार दिला, दप्तर कोणी उघडलं नाही आणि मुलगा वर्गात परत गेला. पिस्तूल दप्तरात होतं, चार दिवसांपूर्वी वडिलांनीच विकत आणलेलं. दुपारी एकच्या सुमारास चार मुलं मारली गेली. आईवडिलांना २०२४ मध्ये सदोष मनुष्यवधाखाली दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. त्या शिक्षिकेनं आपलं काम चोख केलं होतं, आणि त्यासाठी तिला शस्त्र लागलं नव्हतं. तिच्यामागच्या व्यवस्थेनं दप्तराची चेन उघडली असती तर पुढचं सगळं टळलं असतं.

आणि दारं. सँडी हूकनंतर कनेटिकटनं नेमलेल्या आयोगानं २०१५ च्या अहवालात नोंदवलं की, कुलूपबंद वर्गाचं दार हल्लेखोरानं फोडून आत शिरल्याचा एकही प्रसंग त्यांना आढळला नाही. वर्गाला आतून लावता येणारं कुलूप हवं, ही त्यांची शिफारस. युवाल्डीत वर्गाचं दार किल्लीनं बाहेरूनच लावता येत असे आणि हल्लेखोर शिरला त्या वर्गाचं कुलूप नीट लागत नसल्याची तक्रार आधीपासून होती. शिक्षकांना पिस्तुलं द्यायच्या चर्चेत अधिवेशनंच्या अधिवेशनं जातात आणि आतून लागणारी कडी मागे पडते, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. कडीत मर्दुमकी नसते, हे बहुधा कारण असावं.

राहता राहिला शिक्षकांचा स्वतःचा कौल. रँडच्या त्याच पाहणीत ५४ टक्के शिक्षकांना सशस्त्र शिक्षकांमुळे शाळा कमी सुरक्षित होतील असं वाटलं, अधिक सुरक्षित होतील असं वाटणारे २० टक्के होते. ज्यांच्या कमरेला पिस्तूल अडकवायचं त्यांच्यातल्याच बहुसंख्यांना ते नको आहे. शिक्षक मुलांना वाचवायला घाबरतात म्हणून नव्हे. सँडी हूकच्या मुख्याध्यापिका आवाजाच्या दिशेनं धावल्या आणि गेल्या, पार्कलँडचे फुटबॉल प्रशिक्षक अ‍ॅरन फाइस मुलांच्या पुढे उभे राहिले आणि गेले. शस्त्रधारी कर्मचाऱ्यांच्या फ्लोरिडाच्या योजनेला पुढे फाइस यांचंच नाव दिलं. धाडस कमी पडलं असं या दोघांच्या बाबतीत कोणी म्हणणार नाही. पण मित्र काहीतरी भयंकर बोलतोय हे सांगायला एखादा मुलगा ज्या माणसाकडे जातो तो शिक्षकच असतो, आणि त्या माणसाचं पिस्तूल नजरेसमोर असेल तर तो जाईल का, हा प्रश्न ८१ टक्क्यांच्या आकड्याशेजारी ठेवून पाहायला हवा.

टेक्सास, ओहायो, टेनेसी, फ्लोरिडात आता मराठी घरांची संख्या मोठी आहे आणि त्यांची मुलं याच सार्वजनिक शाळांत जातात. तुमच्या मुलाच्या सरांकडे पिस्तूल आहे का, हे टेनेसीत तुम्हाला कळणार नाही. पण वर्गाचं दार आतून बंद होतं का, धमकी किंवा संशयास्पद वागणं कोणाला कळवायचं आणि ते कळवल्यावर शाळेत कोण काय करतं, हे पालकसभेत विचारता येतं. मूल खेळायला ज्या घरी जातं तिथे बंदूक आहे का, असली तर कुलपात आहे का, हेही संकोच न करता विचारा.